गळत नाही, पाझरते

…आणि म्हणे गळते! अहो, गळणं कशाला म्हणायचं याला काही रीत आहे की नाही? गळतं ते छप्पर, गळते ती बादली, गळतात ते माझे केस, आणि त्याबद्दल मी आजवर कोणाकडे तक्रार नेलेली नाही. पण माझी गाडी गळते असं चारचौघांत म्हणायचं, तेही कागदावर लिहून, खाली सह्या घेऊन, जिन्याजवळच्या फळ्यावर चिकटवून… तुम्हाला सांगतो, मी तिथल्या तिथे उभा राहिलो आणि म्हटलं, गळत नाही, पाझरते. गळणं वेगळं, पाझरणं वेगळं. तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवलाय मी. पाझर म्हणजे काय ते मला शिकवू नका.

तर ते आमच्या इमारतीचे सेक्रेटरी, पांढरे बूट. नाव आहे त्यांना, पण सगळी इमारत त्यांना पांढरे बूटच म्हणते, कारण बारा महिने तेरा काळ पांढरे बूट, आणि वर त्या बुटांची काळजी अशी की चिखल दिसला की माणूस गच्चीवरून जाईल. हे गृहस्थ सकाळी पार्किंगमधून फिरायला निघाले आणि माझ्या गाडीपाशी घसरले. पडले नाहीत हं, नुसते घसरले. पण घसरताना त्यांनी हवेत जे हातवारे केले ते तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी बघितले, आणि बघणारं हसलं. माणूस पडलेला विसरतो हो, हसलेलं विसरत नाही. झालं, संध्याकाळी सभा! "मास्तर, आठ दिवस देतो. आठव्या दिवशी सकाळी गाडी फिरवून आणायची, खाली पांढरा पुठ्ठा अंथरायचा, त्यावर माझी सही असेल, आणि संध्याकाळी पाच वाजता आम्ही बघणार. एक थेंब, एक जरी थेंब दिसला, की गाडी इमारतीबाहेर."

बाहेर म्हणजे कुठे? बाहेर रस्ता आहे, तिथे सायकल उभी केली तरी उचलून नेतात. म्हणजे उरला कोण, तर कोपऱ्यावरचा भंगारवाला. तो दोनदा येऊन चाकावर हात फिरवून गेलाय. "मास्तर, वजनावर घेतो." वजनावर! कांदे आहेत का? वडिलांनी घेतली तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो. पन्नास वर्षांची गाडी, गोल दिवे, अजून सेल्फ मारला की पहिल्या हाकेला उठते, आमच्या धाकट्यासारखं तीनदा उठवावं लागत नाही. दार लावलं की असा 'धप्प' आवाज येतो की आत बसलेल्या माणसाला वाटतं, आपलं जगात कोणीतरी आहे. ती वजनावर?

आता पाझर कुठून, ते सांगतो. इंजिनाच्या डोक्यावर पत्र्याचं एक लांबट झाकण असतं. टॅपेट कव्हर म्हणतात त्याला. आत ऑइल उडत असतं, ते बाहेर येऊ नये म्हणून ते झाकण. झाकण आणि इंजिन यांच्या मध्ये कॉर्कची एक पट्टी, तिला पॅकिंग म्हणायचं, आणि झाकणाला सहा बोल्ट. बास. यात न कळण्यासारखं काही नाही. ऑइल येतंय म्हणजे झाकण सैल आहे, आणि सैल आहे म्हणजे आवळायचं. आणि आवळण्याच्या बाबतीत, तुम्हाला सांगतो, आमच्या घराण्याचा हात कोणी धरायचा नाही.

अतिशयोक्ती नाही. वडिलांनी लावलेलं झाकण वडिलांशिवाय कोणाला उघडलेलं मला आठवत नाही. बरणी असो, शाईची दौत असो, एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी सहज म्हटलं, "आजोबा, माझा हात दाबून दाखवा बघू," तर डॉक्टरांचा हात सोडवायला नर्स आली. तोच हात मला आलाय. आमच्या स्वयंपाकघरातला नळ आहे ना, तो माझ्याशिवाय कोणाला बंद करता येत नाही. आणि मी बंद केला की कोणाला उघडत नाही. आमची ही म्हणते, "तुम्ही चार दिवस बाहेरगावी गेलात तर मी घरात भरलेल्या डब्यांमध्ये उपाशी मरेन." मी ते कौतुक म्हणूनच घेतो. नाहीतरी आमच्या संसारात दुसरं कौतुक कुठलं यायचं?

तर वडिलांचा शिरस्ता असा, की रविवारी सकाळी लांब पाना घ्यायचा, हातभर लांब, बॉनेट उघडायचं, आणि सहाही बोल्ट एकेक पीळ आवळायचे. "घट्ट असलं की घोर नाही," असं म्हणायचे आणि मग चहा प्यायचे. वडील गेल्यावर पाना माझ्याकडे आला, रविवारही आला. हिशेब करा, किती रविवार झाले. तरीही पाझरतेच! मी म्हणायचो, बघा, एवढं आवळूनही पाझरते, न आवळता काय झालं असतं?

पहिल्या दिवशी आवळलं. पाझरलं. दुसऱ्या दिवशी नवीन पॅकिंग आणलं, टाकलं, आणि असं आवळलं की कपाळाची शीर तट्ट फुगली. पाझरलं. तिसऱ्या दिवशी एकावर एक दोन पॅकिंग, आणि खालून वरून ती चिकट पेस्ट मिळते ट्यूबमध्ये ती, अख्खी ट्यूब, आणि पान्यावर दोन्ही हात टाकून, पाय बंपरला लावून आवळलं. मग हिला म्हटलं, चल, एक चक्कर मारू, आज कोरडी असणार. सिग्नलला थांबलो तर शेजारचा स्कूटरवाला काच ठोकतोय. "काका, धूर!" म्हटलं, माहीत आहे. "काका, इंजिनातून धूर येतोय, ऑइल गळतंय!" गळत नाही, पाझरतंय! आणि ते पाझरून सायलेन्सरच्या तापलेल्या नळीवर पडतंय म्हणून धूर येतोय, एवढं साधं शास्त्र आहे. हिने पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "शास्त्र पुरे, आता वस्तादच्या मुलीला बोलवा."

वस्ताद म्हणजे आमच्या वडिलांचा मेकॅनिक. तो गेला, आता त्याचं गॅरेज त्याची मुलगी चालवते. पण मी कशाला बोलवू? वडिलांनी वापरलेला पाना हातात असताना मी दुसऱ्याला बोलवायचं? मी म्हटलं, अजिबात बोलवणार नाही. ही म्हणाली, "नका बोलवू, मी सकाळीच फोन केलाय." आमच्या घरात निर्णय असे होतात.

आली. चाळिशीची बाई, चष्मा कपाळावर, अंगात निळा झगा, आणि खिशात असं काहीही नाही की ज्याची माणसाला भीती वाटावी. बॉनेट उघडलं, सहा बोल्टांकडे बघितलं, आणि विचारलं, "काका, हे कोणी आवळलं?"

मी म्हटलं, "मी." जरा छाती काढूनच म्हटलं.

"बरं. आता काढा."

काढा म्हणे! अहो, निघाले तर काढू ना. पहिल्याला मी लोंबकळलो. दुसऱ्याला मी आणि ती दोघं लोंबकळलो. शेवटी तिने स्वतःच्या गाडीतून लोखंडी नळी आणून पान्याला मागे जोडली, तेव्हा एकेक बोल्ट असा किंचाळत सुटला की दुसऱ्या मजल्यावरच्या आजी खिडकीत येऊन विचारायला लागल्या, "कोणाला लागलं का रे?" म्हटलं, नाही आजी, झाकण काढतोय.

मग ती म्हणाली, "घरात काचेचं टेबल आहे का?" म्हणजे आता टेबलाचा काय संबंध? पण हिने आधीच वरचं सगळं उचललेलं. झाकण धुऊन पुसून टेबलावर पालथं घातलं, हिने पडदे ओढले, आणि वस्तादच्या मुलीने टेबलाखाली बसून काचेतून वर बॅटरी मारली. आणि काय सांगू तुम्हाला! झाकणाच्या चहूबाजूंनी उजेडाच्या फटी. सहा बोल्टांच्या जागी अंधार, आणि दोन बोल्टांच्या मध्ये प्रत्येक ठिकाणी उजेड. दाराखालून दिसतो तसा.

टेबलाखालून आवाज आला, "काका, बघा. जिथे आवळलंत तिथे पत्रा खाली दबला. तिथे बसला, पण दोन बोल्टांच्या मध्ये तो टेकतच नाही. ऑइल बोल्टापाशी जातच नाही, या फटींतून जातं. जेवढं आवळाल तेवढी फट मोठी. तुमची गाडी तुम्हीच गळवताय."

मी म्हटलं, "गळत नाही, पाझरते." पण तुम्हाला सांगतो, या खेपेला हळूच म्हटलं.

ती बाहेर आली, झाकण उचललं आणि बोल्टाच्या भोकाभोवती बोट फिरवलं. "हे एकट्या तुमचं काम नाही. इतका खड्डा व्हायला दोन माणसं लागतात. माझे बाबा म्हणायचे, मास्तरांच्या वडिलांची गाडी शनिवारी माझ्याकडून कोरडी ठणठणीत जाते आणि सोमवारी ओली होऊन येते. बाबांना कळेना, मध्ये होतं काय? शेवटी एकदा रविवारी सकाळी ते तुमच्या घरावरून गेले आणि त्यांनी बघितलं."

"मग त्यांनी सांगितलं का नाही वडिलांना?"

"ते हातात पाना घेऊन उभे होते, काका."

भोकाभोवती तो खड्डा, अंगठा ठेवला तर अंगठा बसेल एवढा. मी ठेवून बघितला. बसला. आणि मला वाईट वाटलं, खरं सांगतो. म्हणजे इतके रविवार वडील जे करत होते, त्यांच्यामागून मी जे अभिमानाने करत होतो, ते सगळं इथे सहा खड्ड्यांत जमा झालं होतं, आणि आता ही बाई म्हणते, ते ठोकून सपाट करायचं. मी म्हटलं, "एक तरी ठेवू या का? आठवण म्हणून." ती म्हणाली, "एक ठेवला तर तिथून गळेल." मी म्हणणार होतो, पाझरेल, पण नाही म्हटलं.

तेव्हा आमची ही बोलली. ही फार बोलत नाही. म्हणजे बोलते, पण असं नाही बोलत. म्हणाली, "मामंजी आवळत होते ते गाडी टिकावी म्हणूनच ना? मग टिकू द्या की."

खाली लाकडाचा ठोकळा धरला, आणि वस्तादच्या मुलीने हातोडी माझ्या हातात दिली. हातोडी कसली, खेळण्यातली म्हणा. "हळू, काका. आत कोणी झोपलेलं असताना दारावर टकटक करतो ना, तसं." मी म्हटलं, आमच्या घराण्यात तसं करत नाहीत, आमच्याकडे बिजागरी निघते. पण केलं. टक, टक, टक. एक खड्डा भरून आणायला अर्धा तास. सहा खड्डे. दर थोड्या वेळाने पुन्हा पडदे, पुन्हा बॅटरी, पुन्हा ती टेबलाखाली, आणि फटी एकेक करून विझत गेल्या. शेवटची विझली आणि खोलीत काळाकुट्ट अंधार झाला, आणि आम्ही तिघं त्या अंधारात टेबलाभोवती उभे राहून हसत होतो. कोणी दार उघडून आत बघितलं असतं तर काय समजला असता?

मग पॅकिंग. एकच हं, दोन नाहीत. पेस्टसुद्धा बोटाने पुसटशी, आणि ती फक्त झाकणाच्या बाजूला, इंजिनाकडची बाजू कोरडी. पॅकिंग झाकणाला चिकटवून उलटं ठेवलं आणि वजन म्हणून वर माझे चार नकाशासंग्रह. तीस वर्षांत त्या पुस्तकांनी इतकं मन लावून काम केल्याचं मला आठवत नाही. सकाळी झाकण जागेवर बसवलं, आणि तिने मला पाना दिला. बोटभर लांबीचा! मी म्हटलं, "याचा मोठा भाऊ कुठेय?"

"हाच. आणि मुठीत नाही धरायचा, चिमटीत. आधी मधले दोन, मग कडेचे. पॅकिंग कडेला किंचित फुगलेलं दिसलं की थांबायचं."

मी चिमटीत धरला. फिरवला. फुगलं. हात म्हणतोय, आणखी थोडं, ही माझं कोपर धरून उभी आहे. मी म्हटलं, "हे तर सैल आहे."

"सैल नाही, काका. पुरेसं आहे."

पुरेसं! साठी उलटली माझी, हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारलेला नव्हता.

जाताना ती हिच्या कानात काहीतरी बोलली. मला वाटलं, बिलाचं असेल. पण संध्याकाळी बघतो तर लांब पाना खुंटीवर नाही. विचारलं तर ही म्हणते, "कुठला पाना?" तुम्हाला सांगतो, त्याच दुपारी हिने मला मोठा डबा आणून दिला होता, "जरा घट्ट लावून द्या हो," म्हणून, आणि मी मोठ्या कौतुकाने असा लावून दिला की आता हत्तीला उघडणार नाही. पाना त्या डब्यात होता! माझ्याच हातून मला कुलूप!

आला आठवा दिवस. सकाळी गाडी गावभर फिरवली, जागेवर आणली, खाली पांढरा पुठ्ठा, चारही कोपऱ्यांवर पांढऱ्या बुटांची सही. पाच वाजता पाहणी. आणि दुपारी दोन वाजता मला राहवेना. चिमटीत धरून लावलेले बोल्ट हो! एक थेंब पडला तर गाडी वजनावर जाणार. एकदा खात्री करून घ्यायला काय हरकत आहे? एकच पीळ. ही आडवी झाली होती. मी डबा घेतला, आणि जो हत्तीला उघडला नसता तो माझ्या हाताने एका झटक्यात उघडला. पाना घेतला, खाली गेलो, बॉनेट उघडलं, पाना पहिल्या बोल्टवर चढवला. हात तयार.

आणि तिथे मला वडील दिसले. भूतबीत नाही हो, नुसते आठवले. रविवारची सकाळ, गाडी कालच वस्तादकडून कोरडी आलीय, त्यांनाही ते दिसतंय, आणि तरी पाना हातात. ते ऑइलसाठी आवळत नव्हते. त्यांना काळजी वाटायची. आमची वाटायची, घराची वाटायची, आणि काळजी करायची दुसरी कुठली रीत आमच्या घराण्याला येतच नव्हती. काळजी वाटली की आवळायचं. आणि जितकं आवळावं तितकं…

मी पाना काढून घेतला. बादली पालथी घातली, गाडीशेजारी बसलो, पाना मांडीवर. तीन तास. दोनदा उठलो, दोनदा बसलो. एकदा वर बघितलं तर ही खिडकीत उभी. झोपलीच नव्हती. तशीच उभी राहिली पाच वाजेपर्यंत.

पाच वाजता आली समिती. पांढरे बूट पुढे, मागे सात-आठ जण, आणि कोपऱ्यावर तो भंगारवाला, त्याला कोणी बोलावलं होतं देव जाणे. पुठ्ठा ओढून काढला. इकडून बघितला, तिकडून बघितला, उन्हात नेऊन बघितला. त्यावर चार सह्यांशिवाय काही नाही. पांढऱ्या बुटांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, बॉनेटमध्ये वाकले, आणि झाकणाच्या कडेने सबंध फिरवला. रुमाल पांढरा. "मास्तर," ते म्हणाले, आणि आवाज असा की कोणाचं तरी लग्न मोडलंय, "एकही नाही?"

"एकही नाही."

"केलंत तरी काय?"

आता काय सांगू? मी उभ्या आयुष्यात पुष्कळ काही केलंय, शाळेत केलंय, घरात केलंय, आणि त्यातल्या निम्म्या गोष्टींचा मला अभिमान आहे. पण त्या दिवशी दुपारी दोन ते पाच मी जे केलं त्याचा जेवढा आहे तेवढा कशाचाच नाही. मी मान ताठ केली आणि म्हटलं, "काही केलं नाही." लोक टाळ्या वाजवत होते. खरंच वाजवल्या हो, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी सुरू केल्या. भंगारवाला जाताना चाकावर हात फिरवून म्हणाला, "गाडी चांगली आहे, मास्तर." वजनाचं नाव नाही!

वर आलो. हिने नुसता माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी स्वयंपाकघरात गेलो, ग्रीस लागलेले हात धुतले, आणि नळ बंद केला. चिमटीत धरून. हळू, पाणी थांबलंसं वाटलं तिथे थांबलो. पुरेसं. मनात म्हटलं, बघा, माणूस साठीनंतरही शिकतो. खुर्चीत बसलो, पाय लांब केले, डोळे मिटले, आणि आतून… टप्. टप्. टप्.

"अहो," ही आतून म्हणाली, "वस्तादची मुलगी परवाच म्हणाली होती, काकांनी आवळून आवळून या नळाचं वायसर खाल्लंय. आता हा नळ गळणार."

मी डोळे न उघडता म्हटलं, "गळत नाही, पाझरतो."

नळाखाली पातेलं ठेवल्याचा आवाज आला. मग बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली, आणि म्हणाली, "आठ दिवस देते."